समुद्रतळाच्या अंड्यांत करडीचं तेल

परभणीजवळच्या झरीच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं की पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही. ज्याने हिंदी महासागराच्या तळाशी करडीचं तेल शोधून काढलं, त्याने कोणत्या तोंडाने रागवायचं?

मी जिंतूरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. येलदरीच्या धरणातल्या झिंग्यांच्या अंगात चरबी कुठे साठते आणि कशाची असते, यावर मी उमेदीची वर्षं घालवली. सासुरवाडीचे लोक अजून विचारतात, झिंग्यांची चरबी उतरवायची होती का म्हणून. तर या कामात माझ्या हाताखाली पेडगावची एक मुलगी पीएचडी करत होती. शेतकऱ्याची लेक. कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला चष्मा पुसायला लावणारी. तिला येलदरी पुरेना. समुद्रावर काम करणाऱ्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंच्या ती मागे लागली, पत्रं लिहिली, फोन केले, आणि एके दिवशी थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन परभणी स्टेशनवर उतरली. वाटेत शेजारच्या आजींनी तिला विचारलं होतं म्हणे, "खवा हाय का ग माय?" ती हो म्हणाली. समजावत बसली असती तर मनमाडपर्यंतचा प्रवासही पुरला नसता.

डब्यात कोरड्या बर्फात काचेच्या नव्हे, जाड प्लास्टिकच्या बोटभर कुप्या होत्या. त्यांत झिंगे. पण कसले झिंगे! समुद्राच्या तळाला, जिथे दिवसाचा उजेड म्हणून कधी पोचत नाही, तिथे जमिनीला भेगा आहेत. त्या भेगांतून भट्टीसारखं तापलेलं काळं पाणी वर येतं. त्या धगीच्या कडेला हे झिंगे लाखांनी राहतात. तिथे हिरवं काही उगवत नाही, म्हणून ते जगतात जिवाणूंवर, आणि हे जिवाणू जगतात त्या पाण्यातल्या गंधकावर.

आता चरबीची गोष्ट. या झिंग्यांची पोरं तिथे राहत नाहीत. ती लहानपणी वरच्या पाण्यात फिरतात, आणखी वरून जे खाणं खाली पाझरतं, सूर्याच्या उजेडावर वाढलेलं, ते खातात आणि अंगात तेल भरून घेतात. इतकं, की ती तांबूस नारिंगी दिसतात. मग ती भेगांपाशी उतरतात आणि ही शिदोरी खात खात मोठी होतात. रंग जातो, झिंगा राखाडी होतो, आणि त्याच्या अंगात आता जिवाणूंची चरबी असते. दोन्ही चरब्यांची घडण वेगळी. यंत्रात घातली की कुठली कुठून आली ते ओळखता येतं.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न एकच होता. मादी अंडी घालते तेव्हा अंड्यात कोणती चरबी भरते? तिच्या अंगावरची रोजची, जिवाणूंची? की लहानपणीची थोडी शिदोरी ती कुठेतरी राखून ठेवते आणि ती लेकरांना देते? पोटाला अंडी असलेली मादी जाळ्यात क्वचितच येते. बाईंनी एका मादीची अंडी दिली होती. एका कुपीत. दुसरी मिळणार नाही, असं स्पष्ट सांगून. त्या अंड्यांवर या मुलीचा सगळा प्रबंध उभा राहणार होता.

मी म्हणालो, "एकदाच काय ते सगळं करून टाकू."

ती म्हणाली, "निम्मीच, सर. निम्मी राहू द्या."

"घाबरतीस कशाला?"

"घाबरत न्हाई. ठेवायलेय."

आणि तिने अर्धी अंडी दुसऱ्या कुपीत घातली. कॉलेजचा डीप फ्रीझर विजेवर चालतो आणि वीज स्वतःच्या मर्जीवर, म्हणून ती कुपी आम्ही जनावरांच्या दवाखान्यात ठेवायला दिली. तिथले डॉक्टर माझे शाळासोबती. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे द्रव नायट्रोजनची टाकी असते, त्यात वळूंच्या रेतमात्रा बुडवून ठेवतात. त्या रेतमात्रांच्या शेजारी आमची कुपी लाल दोऱ्याला बांधून सोडली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, एखाद्या म्हशीला झिंगा झाला तर माझ्याकडं येऊ नका."

उरलेल्या अर्ध्या अंड्यांतून चरबी काढायची होती. कृती साधी आहे. अंडी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये घोटायची. मग ते मिश्रण तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतायचं, थोडं पाणी घालायचं, की दोन थर होतात. चरबी क्लोरोफॉर्ममध्ये, तळाला. तोटी फिरवायची, तळचा थर खाली काढून घ्यायचा. तोटीही काचेचीच.

अंडी घोटून नरसाळ्यात गेली आणि लाईट गेली. बाकीच्या कुप्या वितळू नयेत म्हणून ती मुलगी बर्फ आणायला धावली, बसस्टँडजवळच्या मासळीवाल्याकडे. मला सांगून गेली, "सर, काहीच करू नका. मी आलेच."

खरं तर घाई कसलीच नव्हती. क्लोरोफॉर्ममध्ये उतरलेली चरबी कुठे पळून जात नाही. पण पंखा बंद, खिडकीतून ऊन, डोक्यात त्या औषधाचा गोड वास, आणि समोर ती एकुलती एक गोष्ट. मी तोटीला हात लावला. फिरेना. जोर केला. फिरेना. आणखी जोर केला तर काच तुटेल या भीतीने माझ्या तळव्याला घाम आला.

अशा वेळी आमच्या घरी काय करतात? दाराची कडी अडकली, करडीचं तेल. शिवणयंत्र कुरकुरलं, करडीचं तेल. कानात दडा, टाचेला भेग, ठेच्यावर धार, सगळ्याला करडीचं तेल. माझ्या टेबलाच्या खणात त्याची एक लहान बाटली असायची, डब्यातल्या चटणीवर ओतायला. मी बोटावर दोन थेंब घेतले आणि तोटीच्या खोबणीत सोडले. जरा हलवलं. तोटी अशी सुळकन फिरली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. तळचा थर काढून घेतला, कुपी बंद केली. ती बर्फ घेऊन घामाघूम परत आली तेव्हा मी सुपारी कातरत बसलो होतो.

"झालं?"

"झालं. अडली होती, सोडवली."

कशी, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. पाणी प्यायलो हे कुणी सांगतं का?

नमुना परभणीला तेलबिया तपासायच्या यंत्रावर लावला. आलेख हातात आला आणि मी खुर्चीतून उठलो. लिनोलेइक आम्लाचं शिखर, हे एवढं. हे वनस्पतींच्या तेलात असतं. झिंग्यात थोडंफार सापडतं, पण अंधारात जिवाणू खाऊन जगणाऱ्या मादीच्या अंड्यात इतकं?

ती आलेखाकडे बघत राहिली. "सर, हे तर करडीवानी दिसायलंय."

"दिसणारच! हिरव्या झाडाची चरबी आहे ती. उजेडाची. म्हणजे काय झालं? आईने शिदोरी राखून ठेवली. जन्मभर अंधारात राहिली, पण लेकरांसाठी सूर्य जपून ठेवला!"

हे बोलताना माझा आवाज भरून आला होता, हे कबूल करायला आता लाज वाटते. जिच्या अंड्यांबद्दल मी बोलत होतो ती मादी तीन किलोमीटर पाण्याखालून वर काढलेली, केव्हाच मेलेली, आणि डोळे माझे पाणावलेले.

"पण सर, समुद्रातल्या हिरव्या गोष्टींत दुसरी आम्लं जास्ती असतात. ती कुठं हायत यात?"

"खाल्ली असतील."

"तीच तेवढी खाल्ली?"

मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी मी समुद्रवाल्या बाईंना फोन लावला. त्या फार सावध बाई. "इंटरेस्टिंग आहे," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी त्यांच्या एका परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा मागवला. मी तो एका बैठकीत लिहिला आणि पाठवून दिला. पहिलं नाव विद्यार्थिनीचं, दुसरं माझं. मला वाटलं मी औदार्य केलं.

ती दुसऱ्या दिवशी आली ती बसलीच नाही. टेबलापाशी उभी.

"सर, तुमी पाठवलं?"

"तुझं नाव वर आहे."

"म्हणूनच विचारायलेय. खोटं निघालं तर पण माझंच नाव वर राहील."

"खोटं कसं निघेल?"

"रिकामं करून बघू. अंडी न घालता. तेच औषध, तेच भांडं, सगळं तसंच. त्यात पण हे शिखर आलं तर ते अंड्यातलं न्हाई."

मी दुखावलो. माझ्या हाताने केलेल्या कामावर शंका! पण नाही म्हणायला कारण सापडेना. मग रागाच्या भरात मी जे बोललो ते मला अजून शब्दशः आठवतं. म्हणालो, "ठीक आहे. त्या दिवशी मी जे जे केलं, ते अगदी जसंच्या तसं करून दाखवतो. तू फक्त बघ."

तिने स्टूल ओढून घेतलं आणि बसली.

मी क्लोरोफॉर्म ओतला. मिथेनॉल ओतलं. नरसाळ्यात घातलं. पाणी घातलं. थर होईपर्यंत वाट पाहिली, हाताची घडी घालून, एखाद्या उस्तादासारखा. मग तोटी धरली. ती अडकलीच होती. मी सवयीने डाव्या हाताने खण ओढला, बाटली काढली, बूच दाताने उघडलं, बोट ओलं केलं.

आणि मान वर केली.

ती माझ्या बोटाकडे बघत होती. बोटाच्या टोकाला थेंब होता. पिवळा, चकचकीत, घाण्याचा. क्लोरोफॉर्म तेल विरघळवतो हे मी दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगतो. तोटीतून जो थर खाली येतो तो तोटी धुऊनच येतो, हे सांगायला तर प्राध्यापकही लागत नाही.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी पण लावलं होतं?"

मी होकाराची मान डोलावली. थेंब टेबलावर पडला.

ती रडेल असं वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलायला मिळालं असतं. ती उठली, तिने ते नरसाळं मोरीत ठेवलं, आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन लावा. ती कुपी आजच काढायची."

मी डॉक्टरांना फोन लावला.

"आवो मास्तर, टाकी हितं कुठं हाय? मी चारठाण्याला. जनावरांचं शिबिर हाय. टाकी माझ्याजवळ."

"आणि कुपी?"

"कोणती कुपी?"

"लाल दोऱ्याची!"

पलीकडे म्हैस ओरडली. मग डॉक्टर म्हणाले, "दोरा तर दिसंना मला सकाळपासून."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, काढले, आणि कपाटातून नवी काचेची नळी घेतली. कुपी जिंतूरपर्यंत गार ठेवायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून तिने ठरवलं, अंडी जागेवरच क्लोरोफॉर्ममध्ये घालायची. एकदा त्यात गेली की आतली चरबी फोडणारी पाचक द्रव्यं निकामी होतात. तिने नळी भरली, घट्ट बंद केली, कपड्यात गुंडाळून माझ्याकडे दिली आणि परत काढून घेतली.

"तुमी गाडी चालवा. हे मी धरते."

चारठाण्याचा रस्ता मी हजारदा गेलो असेन. त्या दिवशी त्यातला प्रत्येक खड्डा मला वैयक्तिक वाटला. खड्डा आला की मागून "सर!" यायचं. मी हळू चालवलं तर "सर, जोरात!" यायचं. मनात एकच चालू होतं. दोरा सुटला तर कुपी कुठे गेली? टाकीच्या तळाला पडली असेल तर ठीक. पण आधीच्या गावात रेतमात्रा काढताना वर आली असेल, आणि कुणी मोकळी समजून फेकली असेल, तर? उन्हात मिनिटात वितळते. मी विचारण्याची हिंमत केली नाही. तिनेही केली नाही.

जुन्या देवळाच्या बाजूला लिंबाखाली गाई-म्हशींची रांग. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत हातमोज्यात. आम्हाला बघून ते म्हणाले, "आले. झिंग्याचे पाव्हणे आले."

"आधी टाकी बघा ना, सर," ती डॉक्टरांना म्हणाली.

"बाई, टाकी उलटी करायची तर नायट्रोजन जाईल. आतल्या मात्रा मरतील. हे लोक सकाळपासून उभे हायत. ह्यांचं काय करू?"

हे बरोबर होतं. रांगेतला एक जण म्हणाला, "काय पडलंय त्यात?"

"समुद्रातल्या झिंग्याची अंडी," मी म्हणालो.

तो जरा विचार करून म्हणाला, "आमच्या म्हशीला तेच लावनार नव्हते ना?"

लोक हसले. डॉक्टर हसले. ती हसली नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचाही आवाज बदलला. "हे बघ, तळाला असंल तर सगळ्यात गार जागी हाय. फिकीर करू नको. शेवटची म्हैस झाली की उलटी करतो. तवर थांब."

आम्ही थांबलो. डॉक्टरांनी झाकण काढलं की पांढरी वाफ वाहायची, लांब चिमटा आत जायचा, एक बारीक नळी वर यायची, झाकण बंद. दर वेळी ती मुलगी चार पावलं पुढे जायची आणि चिमट्याच्या टोकाकडे बघायची. दर वेळी फक्त वळू. मी एकदा मदत करावी म्हणून झाकण धरायला गेलो.

"सर."

"काय?"

"हात खिशात ठेवा."

रांगेतल्या म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "पोरगी तुमची का?"

"विद्यार्थिनी."

"लय कडक हाय."

"हो."

"बरं हाय मग," ते म्हणाले, आणि म्हैस पुढे ओढली.

शेवटची म्हैस ऐन वेळी पळाली. अर्ध्या चारठाण्याने तिला पकडलं. मी खिशात हात घालून पळालो, त्यामुळे माझा उपयोग झाला नाही. म्हैस परत आली, काम झालं, आणि आता मावण्याएवढ्याच उरलेल्या रेतमात्रा डॉक्टरांनी नायट्रोजनच्या लहान भांड्यात हलवल्या. मग त्यांनी मोज्याच्या हातांनी टाकी धरली आणि हळूहळू तिरपी केली.

नायट्रोजन जमिनीवर सांडला आणि ढग झाला. पाय दिसेनात. आतून काही खडखडलं नाही. डॉक्टरांनी आणखी तिरपी केली. काही नाही. ती गुडघ्यावर बसली होती, एका हातात चिमटा, दुसऱ्यात नळी.

डॉक्टरांनी टाकीच्या बुडावर थाप मारली.

टक.

बोटभर कुपी ढगातून घरंगळत आली. दोरा नव्हता. तिने ती चिमट्याने उचलली, डॉक्टरांनी झाकण फिरवलं, आणि गोठलेली अंडी मोहरीसारखी नळीत पडली. तिने नळी बंद करून उजेडाकडे धरली.

पुढचं सगळं तिने केलं. नवं नरसाळं, उसनं आणलेलं, ज्याची तोटी काचेची नव्हती, टेफ्लॉनची होती, तेलावाचून फिरणारी. मी दारात उभा होतो. रिकामा नमुनाही तिने सोबत केला. तो स्वच्छ आला. मग अंड्यांचा आला.

ते मोठं शिखर नव्हतं. गायब. होती ती जिवाणूंची चरबी, ओळीने, ठळक. आई जे रोज खात होती तेच तिने अंड्यांत भरलं होतं. एका कडेला एक बारीकसा उंचवटा होता, समुद्रातल्या उजेडाच्या खाण्याचा असावा असा.

"बघ!" मी म्हणालो. "आहे! थोडी आहे!"

"काहीच नसताना यंत्राची रेघ पण एवढी हलते, सर."

"पण असूही शकतं."

"शकतं."

तिने माझ्यासमोरच बाईंना फोन लावला. म्हणाली, "मॅडम, गोषवारा मागं घ्यायचाय. तपासात बाहेरचं तेल मिसळलं होतं." कुणी मिसळलं, ते तिने सांगितलं नाही. मी खुणेने सांगू लागलो, माझं नाव सांग, माझं. तिने नकाराची मान हलवली. बाईंनी विचारलं, आणखी अंडी आहेत का. ती म्हणाली, "न्हाईत. संपली." थोडा वेळ ती ऐकत राहिली, दोनदा "हो" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"जेवढं दिसलं तेवढंच लिहा म्हणाल्या. परिषदेत तेच मांडायचं."

"म्हणजे मांडायचं?"

"हो."

मग तिने नवा गोषवारा लिहायला घेतला. त्या बारीक उंचवट्यापाशी आली तेव्हा बराच वेळ थांबली. मी खुर्चीत चुळबूळ करत होतो. माझ्याकडे सुंदर वाक्य तयार होतं, शिदोरीचं, सूर्याचं. तिने लिहिलं, एवढ्या नमुन्यावरून सांगता येत नाही. पूर्णविराम दिला. पाठवण्याआधी तिने ते मला वाचायला दिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही मागितलं नाही.